कॉलेजात पोरांसाठी उद्योग केंद्र काढायचंय, पहिलं काय करायचं?

मास्तर_राजारामपुरी
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका कॉलेजात शिकवतो, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे, नाव नको. आमच्याकडं विद्यार्थ्यांना स्वतःचा धंदा-उद्योग सुरू करायला मदत करणारं केंद्र आवारातच काढायचं ठरलंय आणि त्याचा आराखडा लिहायच्या समितीत मला घेतलंय. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य असं मंडळच दिलंय, त्यामुळं करायचं का नाही हा प्रश्न नाही, कसं करायचं हा आहे.

परवा पहिली मीटिंग झाली आणि दीड तास आम्ही कशावर बोललो तर हॉल कुठला घ्यायचा, काचेचं पार्टिशन करायचं का, बोर्ड केवढा लावायचा, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. घरी आलो आणि मला झोप लागेना. माझ्या डोळ्यासमोर दोन पोरं आहेत. एक इचलकरंजीचा, घरी चार साधे माग. ताण्याची तार तुटली आणि वडिलांचं लक्ष दुसऱ्या मागावर असलं की कापड खराब होतं, व्यापारी त्याचे पैसे कापतो. ह्यानं तार तुटली की दिवा लागतो आणि माग थांबतो असं छोटं सर्किट केलंय, घरच्या एका मागावर सहा महिने चालू आहे. दुसरी पन्हाळ्याकडची, घरचं गुऱ्हाळ आहे, ती चहात टाकायच्या गुळाच्या छोट्या वड्या करून विकते. पण पावसाळा लागला की गूळ पाझरतो, पाकिटाला आतनं ओल येते, म्हणून जून ते सप्टेंबर तिचं सगळं बंद. या दोघांना काचेच्या पार्टिशनचा काय उपयोग आहे ते मला सांगता येईना.

तर इथं उद्योगातली, शेतातली, बँकेतली, बाहेर गेलेली सगळी माणसं आहेत म्हणून विचारतोय. पहिल्या वर्षी थोडेच पैसे आहेत. पहिलं काय करायचं? खोली, मशीन, माणूस की पोरांच्या हातात पैसे? मनापासून सांगा, जे लिहाल ते समितीपुढं ठेवणार आहे.

रंकाळा_संध्याकाळ
लई चांगला विषय काढलासा सर. वाचायलोय.

उद्यमनगर_लेथ
सर मी चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर हाय, आता पोरगा बघतोय पण सकाळी मी जाऊन बसतोच. हॉलबद्दल मला काय सांगता येत न्हाई पण पोरांबद्दल सांगतो कारण दर मार्च-एप्रिलला प्रोजेक्टवाली पोरं आमच्याच दारात येत्यात. दोन वर्षांमागं एक पोरगं आल्तं, उसाचा डोळा काढायचं यंत्र करायचं होतं त्याला, रोपवाटिकेसाठी. मोबाईलवर ड्रॉइंग, आणि सगळ्या मापांना शतांश मिलिमीटरचा टॉलरन्स, म्हंजे माप इकडंतिकडं व्हायची सूट, टाकलेला. मी म्हटलं बाळा जिथं फिरतंय तिथं माप धर, बाकीला एखादं सूत मोकळं सोड, न्हाईतर पाचशेचा जॉब पाच हजारला जाईल. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग पातं, त्यानं माइल्ड स्टीलचं केल्तं, दोन दिवसांत बोथट. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड घिऊन घासून पाणी दिलं, मग कुठं डोळा साफ निघाय लागला. चार फेऱ्या झाल्या. चार फेऱ्यांत ते पोरगं जे शिकलं ते त्याच्या तोंडावर दिसायचं.

आता माझं म्हणणं. मशीन घिऊ नकासा. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, साध्या लेथपासून व्हीएमसी म्हंजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनपर्यंत सगळं हाय, पॅटर्नवाले हाईत, फौंड्री हाईत, हत्यार घासणारी माणसं हाईत. कॉलेजात मशीन आणलं की त्याला ऑपरेटर पायजे, मेंटेनन्स पायजे, आणि एकदा बिघडलं की त्याच्यावर कापड टाकून ठेवत्यात. मी बघितलंय तसलं. अडचण कशाची हाय तर पोराकडं सहाशे-आठशे रुपये नसत्यात आणि आमच्याकडं एका नगाच्या जॉबला टाइम नसतो. मोठ्या ऑर्डरचा माल सोडून एक नग करायचा म्हटल्यावर कोणपण टाळतो, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण न्हाई. म्हणून केंद्रानं चिठ्ठी द्यावी. पोरानं चिठ्ठी आणली की आमी जॉब करणार, महिन्याच्या शेवटाला चिठ्ठ्या देऊन केंद्राकडनं पैसे घेणार. आणि एक माणूस ठेवा जो पोराबरोबर येईल, ज्याला ड्रॉइंग पण कळतं आणि भट्टी पण. असली रिटायर झालेली फोरमन माणसं कोल्हापुरात गल्लीगल्लीत हाईत, घरात बसून कंटाळल्यात.

मास्तर_राजारामपुरी
काका, चिठ्ठीची कल्पना मी तशीच्या तशी लिहून घेतली. सहाशे रुपयांसाठी काम अडतं हे आमच्या मीटिंगमध्ये कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही लाखांच्या मशीनची कोटेशनं मागवायला निघालो होतो.

सीए_शाहूपुरी
सर, माझ्याकडं वर्षाला आठ-दहा तरी कॉलेजची मुलं येतात आणि पहिलं वाक्य एकच, सर कंपनी काढायचीय. मी विचारतो विक्री किती झाली, तर अजून काहीच नाही. प्रायव्हेट लिमिटेड काढली की विक्री शून्य असली तरी ऑडिट आलं, दरवर्षीची रिटर्न आली, उशीर झाला की दंड आला. वीस वर्षांच्या मुलाच्या गळ्यात हे कशाला? स्वतःच्या नावावर प्रोप्रायटरशिप सुरू करा, उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे (त्याचे पैसे मागणारे एजंट आहेत, देऊ नका). गुळाच्या वड्यांसाठी छोट्या प्रमाणावर एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) साधं रजिस्ट्रेशन पुरतं, वर्षाला शंभर रुपये फी. जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाच्या विक्रीवर, मालाला ४० लाख, सेवेला २० लाख, पण माल परराज्यात पाठवायला लागलात की ही मर्यादा बघत नाहीत, म्हणजे कोल्हापूरच्या मुलीनं कर्नाटकातल्या निपाणीच्या दुकानात वड्या ठेवल्या तरी नोंदणी लागते. सीमेवरच्या गावांत हे रोजचं आहे आणि मुलांना माहीत नसतं.

कंपनी कधी काढायची? जेव्हा केंद्र सरकारची स्टार्टअप म्हणून मान्यता हवी असेल, कारण ती प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. २०२१ ला स्टार्टअप इंडिया सीड फंड आला, ९४५ कोटींचा, त्यात नमुना तयार करायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं, पण ते मुलाला थेट मिळत नाही, मान्यता असलेल्या इन्क्युबेटरमार्फतच, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या तुमच्यासारख्या केंद्रामार्फत. असल्या योजनांत मध्ये केंद्र लागतं, त्यामुळं तुमच्या केंद्राची नोंदणी कशी करायची ते आधीच नीट ठरवा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी काढतात, म्हणजे पैसे कॉलेजच्या खात्यात अडकत नाहीत आणि हिशोब वेगळा राहतो. आणि ज्यांना साधा छोटा उद्योगच करायचाय त्यांना स्टार्टअप शब्दाच्या मागं न लावता जिल्हा उद्योग केंद्रात पाठवा, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या प्रकल्पाला बँकेचं कर्ज आणि प्रकल्पाच्या खर्चावर १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. माझ्या अनुभवानं आपल्याकडच्या दहातल्या आठ मुलांना हेच लागू पडतं.

मागवाल्या मुलाला एक निरोप द्या. ते सर्किट कुठल्या प्रदर्शनात मांडायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायला सांगा. एकट्या माणसाला ऑनलाइन फी १६०० रुपये आहे, पूर्ण अर्जाला पुढं बारा महिने मिळतात. आधी जगाला दाखवलं की मग नवीन म्हणून सांगता येत नाही.

वारणाकाठ
पेटंट वगैरे ठीक आहे पण मागाच्या सर्किटात पेटंट निघण्यासारखं असेल का? तार तुटली की थांबणारे माग मोठ्या मिलमध्ये कधीपासून आहेत.

सीए_शाहूपुरी
बरोबर मुद्दा आहे. तत्त्व जुनंच आहे, ह्यानं साध्या मागावर स्वस्तात बसवायची काही वेगळी युक्ती केली असेल तर तेवढ्यापुरतं बघायचं. नसेल निघत तर नसेल, १६०० रुपये वाचले. पण हे सांगणारं माणूस केंद्रात पाहिजे, महिन्यातनं एक दिवस का होईना.

कळंब्याची_मुलगी
सर मी एमएस्सीला आहे, हॉस्टेलला राहते. मला एकच सांगायचंय की केंद्र किती वाजता उघडं असणार ते आधी ठरवा. आमची लेक्चर आणि प्रॅक्टिकल संपतात साडेपाचला, हॉस्टेलचं गेट त्यानंतर थोड्याच वेळात बंद होतं, आणि असली सगळी केंद्रं ऑफिसच्या वेळेत दहा ते पाच चालतात. म्हणजे मुलींना ते कधी मिळणार? मुलं रात्री दहापर्यंत बाहेर काम करू शकतात, उद्यमनगरला जाऊन येऊ शकतात, आम्हाला तेवढ्यासाठी घरच्यांची सही आणायला लागते. मी आणि माझ्या मैत्रिणीनं मागच्या वर्षी शेवग्याच्या पानांची पावडर केली होती, वाळवायला ड्रायर पाहिजे होता, डिपार्टमेंटमध्ये आहे, पण साडेपाचनंतर लॅब बंद आणि साडेपाचच्या आधी आमचे तास. शेवटी गच्चीवर सावलीत कापडाखाली वाळवली, वळवाचा पाऊस आला आणि सगळी गेली. आम्ही सोडून दिलं. आम्हाला पैसे नको होते, किल्ली पाहिजे होती.

मास्तर_राजारामपुरी
ताई, हे मी पहिल्या पानावर घालतो. वेळ आणि किल्ली.

हातकणंगले_एसटी
हॉस्टेलवाल्यांचं तरी बरं आहे, आम्ही रोज गावाकडनं ये-जा करणारे, शेवटची गाडी चुकली की संपलं. रविवारी उघडं ठेवा प्लीज.

सुभाषनगर_कारागीर
मी जरा दुसऱ्या बाजूनं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या घरात चपलांचं काम आहे, आजोबांपासून. गेली तीन-चार वर्षं कॉलेजची पोरं येतात, इन्स्टाचं पेज काढलेलं असतं, फोटो काढतात, वडिलांचे हात, वेणी घालताना, वादीनं शिवताना, सगळा व्हिडिओ करतात. मग म्हणतात काका तीस जोड उधारीवर द्या, विकले की पैसे. एकानं दिले, दोघांनी दिलेच नाहीत. वडील परत मागायला गेले नाहीत, म्हणाले शिकणारी पोरं आहेत. पण कातडं रोखीनं आणावं लागतं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं स्वस्त नाही, आणि एक चांगला जोड व्हायला दिवस जातात.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे कोल्हापूर सांगली सातारा सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव धारवाड बागलकोट विजापूर असे आठ जिल्ह्यांचा मिळून. जून २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली आणि आपलं नाव घेतलं नाही म्हणून केवढा आवाज झाला, सगळे आमच्या बाजूनं बोलले, बरं वाटलं. पण आपल्याच गावात जोड नेऊन पैसे न देणं हे पण तेच आहे की.

म्हणून केंद्राला माझी विनंती, कारागिराबरोबर धंदा करणाऱ्या पोरानं अर्धे पैसे आधी द्यायचे, आणि ते त्याच्याकडं नसतील तर केंद्रानं द्यायचे आणि त्याच्याकडनं वसूल करायचे. नियमच करा. दुसरं, आमच्याकडं खरं काम करण्यासारखं खूप आहे. ऑनलाइन चपला परत येतात त्या बहुतेक मापामुळं, आमची मापं जुनी, गिऱ्हाईक शूजचा नंबर सांगतो, आणि कोल्हापुरी घालून घालून थोडी सैल होते हे त्याला कोण सांगणार? पायाचा फोटो काढून बरोबर माप सांगणारं काहीतरी कुणी करून दिलं तर आम्ही स्वतः पैसे देऊ. पावसाळ्यात साठवलेल्या जोडांना बुरशी येते, त्यावर केमिस्ट्रीवाल्यांनी काही काढलं तर आख्खी गल्ली गिऱ्हाईक आहे. फोटो काढणारी नकोत, ही कामं करणारी पोरं पाठवा, बसायला जागा आम्ही देतो, चहा पण देतो.

उद्यमनगर_लेथ
अगदी बरोबर बोललास भावा.

कागलकर_पुण्यात
मी दहा वर्षं पुण्यात स्टार्टअपमध्ये आहे, दोन बुडाल्या, तिसरी चाललीय. मोठं उदाहरण सगळ्यांना माहितीय, आयआयटी मुंबईचं स्टार्टअपना मदत करणारं साइन केंद्र २००४ चं, तिथनं आयडियाफोर्ज निघाली, ड्रोनवाली, २००७ ला सुरुवात आणि शेअर बाजारात आली २०२३ ला. सोळा वर्षं लागली. आणि आपल्याकडं वर्षाच्या शेवटी विचारतात किती स्टार्टअप झाले, आकडा द्या, अहवालात टाकायचाय. आकड्यासाठी मग कागदावरच्या कंपन्या निघतात. सर समितीत तुमची तेवढी ताकद असेल तर पहिली तीन वर्षं कंपन्यांचा आकडा मागायचा नाही असं लिहून घ्या. त्याऐवजी किती पोरांनी अनोळखी माणसाला काहीतरी विकलं ते मोजा. मावशी-काका धरायचे नाहीत.

दुसरं, केंद्र शासनाचं २०१९ चं नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आहे शिक्षणसंस्थांसाठी, ते समितीतल्या सगळ्यांना वाचायला लावा. त्यात पोरांच्या कामाच्या तीन-चार गोष्टी आहेत. प्रोजेक्टच्या जागी स्वतःच्या स्टार्टअपचं काम चालू शकतं, परवानगीनं हजेरी कमी असली तरी परीक्षेला बसू देता येतं, कंपनीच्या नोंदणीला कॉलेजचा पत्ता वापरता येतो. आणि संस्थेनं सोयी दिल्या तर त्या बदल्यात २ ते ९.५ टक्के हिस्सा घेता येतो असंही आहे. ह्या शेवटच्यावर माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी टक्का घेऊच नका. आठशे रुपयांच्या चिठ्ठीसाठी साडेनऊ टक्के मागितले तर पोरगं पळून जाईल.

वारणाकाठ
ह्याच्याशी सहमत नाही. काहीच घेतलं नाही तर केंद्र चालणार कशावर? दोन वर्षांनी पैसे संपले की कुलूप. दूध संघ, साखर कारखाने कसे उभे राहिले, सभासदाचा शेअर कापूनच ना. आपल्याकडं फुकटच्या गोष्टीला किंमत नसते.

कागलकर_पुण्यात
शेअर कापला तो बिलातनं, म्हणजे आधी दूध घातलं, ऊस घातला, त्याचे पैसे आले, मग कापला. पोराचं बिल निघू द्या की आधी. मी तर म्हणतो अट अशी ठेवा, ज्या वर्षी नफा होईल त्या वर्षापासून ठराविक रक्कम केंद्राला, तीच पुढच्या पोराच्या चिठ्ठीला.

वारणाकाठ
हे चालेल. हे आधी लिहायचं की मग.

जुना_राजवाडा
सगळं वाचलं. कोल्हापुरात बसून हे बोलतोय तर आपल्याच घरातलं एक उदाहरण आठवलं म्हणून लिहितो. गंगाराम कांबळेंची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, पण ती आपण नेहमी समतेची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती आहेच. धंद्याच्या बाजूनं पण बघा एकदा. राजवाड्यातल्या पाण्याला हात लावला म्हणून ज्यांना मारहाण झाली त्या गंगारामांना शाहू महाराजांनी मदत करून चहाचं हॉटेल काढून दिलं. हॉटेल निघालं, पण त्या काळात अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? भांडवल मिळालं, जागा मिळाली, आणि गिऱ्हाईक शून्य. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायला लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावलं. तिथनं ते हॉटेल चाललं. पैसे देणारा माणूस तोच पहिलं गिऱ्हाईक झाला, आणि सगळ्यांच्या देखत झाला.

आता मला सांगा, तुमच्या कॉलेजात मेस आहे, कँटीन आहे, ऑफिसात रोज चहा होतो. त्या मुलीच्या गुळाच्या वड्या तिथं का नाहीत? गॅदरिंगच्या टी-शर्टचं काम बाहेर का जातं? केंद्रानं पहिल्या दिवशी हे करावं, स्वतःच्या पोरांचा माल स्वतः विकत घ्यावा. दुसऱ्या गिऱ्हाइकापुढं उभं राहायला मग पोराच्या अंगात बळ येतं.

आणि पैसे लावायला मोठी कंपनीच लागते असंही नाही. बाबुराव पेंटरांनी १९१७ ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हा मदतीला गायिका तानीबाई कागलकर उभ्या राहिल्या होत्या. सिनेमाचा कॅमेरासुद्धा ह्याच गावात घडवला होता बाबुरावांनी आणि त्यांचे साथीदार दामल्यांनी. पेठांमधल्या माणसांना पोरगं ओळखीचं वाटलं की पैसे निघतात, ओळख करून द्यायला मात्र कुणीतरी लागतं.

ऑफिसात_बावीस_वर्षं
मी एका कॉलेजच्या ऑफिसला क्लार्क आहे. मेसला माल घ्यायचं बोलणं सोपं आहे पण आमच्या बाजूनं सांगतो. खरेदीला पक्कं बिल लागतं, पुरवठादाराच्या नावावर बँक खातं लागतं, तीन कोटेशन लागतात, आणि ऑडिटला विद्यार्थ्याकडनंच का घेतलं हे विचारतात. पोरगं कच्च्या पावतीवर माल देऊन जातं आणि मग पेमेंट अडकलं की आम्ही वाईट. रक्कम छोटी असेल तर टेंडर लागत नाही, कोटेशनवर होतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच कमिटीत ठराव करून घ्या की अमुक अमुक वस्तू केंद्रातल्या विद्यार्थ्यांकडनं घेता येतील, दर बाजारापेक्षा जास्त नको. ठराव असला की आमचे हात मोकळे. आणि पोरांना पक्कं बिल लिहायला शिकवा, मी शिकवतो पाहिजे तर, शनिवारी दुपारनंतर.

मास्तर_राजारामपुरी
साहेब, ठरावाचा मसुदा तुम्ही लिहून द्याल का? मला ती भाषा येत नाही.

ऑफिसात_बावीस_वर्षं
देतो. मेसेज करा.

काळजीत_आई
मी सगळं वाचतेय आणि तुम्ही सगळे पोरांना धंद्यात घालायच्या मागं आहात असं वाटतंय. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्लेसमेंटला बसणार नाही म्हणतो, मित्राबरोबर काहीतरी सुरू करायचंय. ह्यांची नोकरी कंत्राटी, घराचं कर्ज आहे, शिक्षणाचं कर्ज आहे. केंद्रात जाऊन पोरगं अजून चेकाळलं तर? उद्योग बुडाला तर केंद्र येणार आहे का आमचा हप्ता भरायला?

गडहिंग्लज_टू_हिंजवडी
काकू, तुमच्या प्रश्नाला मी उत्तर देतो कारण माझा बुडालाय.

तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही तिघांनी बाहेरगावच्या पोरांना घरगुती डबा पोचवायचं काम सुरू केलं. एका स्पर्धेत बक्षीस मिळालं, पुठ्ठ्याचा मोठा चेक हातात घेऊन फोटो, पेपरात आलं, गावात फ्लेक्स लागला. बक्षिसाचे खरे पैसे आले सात महिन्यांनी. तोपर्यंत आम्ही ते येणार म्हणून धरून चाललो होतो आणि डबे करणाऱ्या मावशींचे चाळीस हजार थकले. तिघांत काही लिहिलेलं नव्हतं, कोण किती देणार, कोण सोडून गेला तर काय. एकाला नोकरी लागली तो गेला, दुसरा फोन उचलेना. मावशी आमच्या घरी आल्या, रडल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. वडिलांनी दोन म्हशी विकल्या आणि पैसे दिले. ज्यांनी स्टेजवर हात मिळवला होता त्यातला एकानं सुद्धा नंतर फोन केला नाही.

मला धंदा केल्याचा पश्चात्ताप नाही, खरंच नाही, आज नोकरीत मी जे करतो त्यातलं निम्मं त्या वर्षात शिकलो. पण एखाद्या माणसानं चौथ्या महिन्यात आमची वही बघून, बाळांनो हे थांबवा, आणि कसं थांबवायचं ते मी सांगतो, एवढं म्हटलं असतं तर म्हशी वाचल्या असत्या. सर, केंद्रात सुरू करायला शिकवणारे खूप मिळतील. बंद करायला मदत करणारा एक ठेवा. आणि भागीदारी असली तर स्टँपपेपरवर लिहिल्याशिवाय चिठ्ठी द्यायची नाही. काकू, तुमच्या मुलाला प्लेसमेंटला बसू दे, ऑफर हातात घेऊ दे, आणि महिन्याला किती घालवायचे आणि कुठं थांबायचं हे तुमच्यासमोर बसून लिहून घ्या.

काळजीत_आई
बाळा, वाचून डोळ्यात पाणी आलं. तुझ्या वडिलांना नमस्कार सांग. मी आज रात्री त्याच्याशी बोलते, वही घेऊन.

कळंब्याची_मुलगी
म्हशींचं वाचून मी पण गप्प झाले.

सीए_शाहूपुरी
निम्मी भांडणं न लिहिल्यामुळं होतात, मी ऑफिसात रोज बघतो. भागीदारीचा एक साधा मराठी नमुना मी तयार करून देतो, दोन पानी, केंद्रानं सगळ्यांना वाटावा. आणि महिन्यातनं एक शनिवार मी येतो वह्या बघायला, पैसे नकोत.

मास्तर_राजारामपुरी
मंडळी, उद्या दुसरी मीटिंग आहे. मी आता लिहून काढलंय ते असं. हॉल नको, लायब्ररीशेजारची जुनी स्टोअरची खोली पुरे, पण ती सकाळी सातला उघडायची आणि रविवारी चालू. मुलींच्या हॉस्टेलला केंद्राची चिठ्ठी गेटवर चालेल असं रेक्टर मॅडमकडनं लेखी घ्यायचं. एक रिटायर फोरमन मानधनावर. चिठ्ठीचे पैसे. खरेदीचा ठराव. कारागिराचे अर्धे पैसे आधी. टक्का पहिल्या वर्षी नाही. उद्घाटनाचं बजेट होतं ते सगळं चिठ्ठ्यांना वळवावं असं म्हणणार आहे, ह्यावर विरोध होणार ते माहितीय, पण मी बोलणार.

माग_नंबर_तीन
सर, मित्रानं लिंक पाठवली. तुम्ही वर लिहिलंय तो मीच वाटतं. सर्किट तीन नंबरच्या मागावर आहे म्हणून हे नाव. खरं सांगायचं तर गेल्या पंधरा दिवसांत दोनदा बंद पडलं, कापसाची रुई आत जाते आणि सेन्सरला काही दिसत नाही. प्लास्टिकची डबी लावून बघितली, मागाच्या हादऱ्यानं तडकली. आमच्या शेजारी चोवीस माग आहेत, ते काका म्हणाले दोन लावून दे, किती घेणार? मला किंमत सांगता आली नाही, मी म्हटलं नंतर सांगतो.

सीए_शाहूपुरी
सामान, तुझा वेळ, जायचं-यायचं भाडं, आणि बिघडलं तर परत जाऊन दुरुस्त करायचा खर्च, चारही लिही. पोरं चौथं विसरतात. लिहून इथंच टाक, आपण बघू.

उद्यमनगर_लेथ
डबी अॅल्युमिनियमची करूया, खाली रबराचा वायसर टाकला की हादरा बसणार न्हाई, आणि झाकण असं करायचं की तुझ्या वडिलांना स्क्रू न काढता रुई फुकून काढता आली पायजे. ड्रॉइंग कागदावर काढून आण, मोबाईलवर नको.

माग_नंबर_तीन
काका चिठ्ठी अजून नाही, केंद्रच नाही झालं.

उद्यमनगर_लेथ
चिठ्ठी मागनं येऊ दे. गुरुवारी सकाळी साडेनवाला ये, बिघडलेलं सर्किट पण बरोबर घिऊन ये, मापं त्याच्यावरनंच घेऊ. कापडं जुनी घाल, तेल लागतंय.